लॅब्राडॉरच्या किनाऱ्याची छोट्या जहाजाची ट्रिप: आईला (६९, एक गुडघा बदललेला) न्यावं का?

केतकी_ओटावा

नमस्कार मंडळी,

जरा लांबलचक प्रश्न आहे, सांभाळून घ्या. आई पुढच्या जूनमधे माझ्याकडे येतेय, चांगली चारपाच महिने राहणार आहे. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला तिने, अजूनही ॲटलस जेवायच्या टेबलावर उघडा पडलेला असतो. मागे व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता म्हणाली, "तुमच्या कॅनडात लॅब्राडॉरच्या अगदी टोकाला टॉर्नगॅट नावाचे डोंगर आहेत ना गं, तिथले खडक साडेतीन अब्ज वर्षांहून जुने आहेत, इतकी वर्षं नुसतं फळ्यावर लिहीत आले, हात लावून बघता येतील का कधी?" मी बघू म्हटलं आणि रात्री शोधायला बसले तर कळलं की तिथे रस्ताच जात नाही. एकतर चार्टर विमान आणि तंबूतला बेस कॅम्प, नाहीतर न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सहून निघणारं छोटं एक्सपिडिशन जहाज, शंभर-दीडशे प्रवासी, दहाबारा दिवस. तंबू आईला झेपणार नाही, म्हणजे राहिलं जहाज.

आता माझ्या शंका. उजवा गुडघा तीन वर्षांपूर्वी बदललाय, सपाटीवर दोनतीन किलोमीटर आरामात चालते, जिना कठडा धरून चढते उतरते, पण हे लोक मोठ्या जहाजातून रबरी बोटीत उतरवतात आणि त्यातून किनाऱ्यावर, ते तिला जमेल का हे फोटो बघून काही कळत नाही, फोटोत सगळे हसतच असतात. समुद्राचा त्रास होतो का तेही माहीत नाही, ती कधी जहाजात बसलेलीच नाही. शाकाहारी आहे. आणि सगळ्यात मोठी काळजी म्हणजे माहितीपत्रकात तळाला लिहिलंय की कार्यक्रम हवामानाप्रमाणे बदलू शकतो. म्हणजे किती बदलतो? खर्च माणशी पाच आकडी कॅनेडियन डॉलर आहे, माझी दोन वर्षांची बचत जाणार, आणि एवढं करून टॉर्नगॅटला पोचलोच नाही तर तिला काय वाटेल हा विचार सोडत नाहीये. ध्रुवीय अस्वलांची भीती वाटते ते वेगळंच. कोणी जाऊन आलंय का?

---

सुहास_हॅलिफॅक्स

केतकीताई, मी आणि बायको, दोघंही साठीच्या पुढचे, तीन वर्षांपूर्वी ऑगस्टच्या शेवटी जाऊन आलो. जे स्वतः बघितलं तेवढंच सांगतो. कंपनीचं नाव टाकत नाही, जहाजं आणि मार्ग दरवर्षी बदलतात त्यामुळे त्याचा उपयोगही नाही.

आधी गुडघा. जहाजाच्या कडेला बाहेरून एक जिना लावतात, कठडा असलेला, तिथपर्यंत आईंना काही अडचण यायची नाही. खरी मेख शेवटच्या पायरीला आहे. खाली रबरी बोट (झोडियॅक म्हणतात तिला) लाटेबरोबर वरखाली होत असते, आत्ता पायरीला लागून आहे तर पुढच्या क्षणी दोन फूट खाली, आणि ती वर आली की नेमका तेव्हाच पाय टाकायचा. एक खलाशी पायरीवर आणि एक बोटीत असतो. ते तुमचा पंजा धरत नाहीत, मनगट आणि कोपर यांच्या मधे धरतात आणि तुम्हीही त्यांचा हात तिथेच धरायचा, म्हणजे ओला हात निसटत नाही. दोन्ही हात रिकामे हवेत, काठी कॅमेरा सगळं पाठीवरच्या बॅगेत. ते म्हणाले "आता" की पाय टाकायचा, "थांबा" म्हणाले की थांबायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. मग फुगीर कडेवर बसायचं आणि बसल्या बसल्याच सरकत आपल्या जागेवर जायचं. आमच्याबरोबर ७८ वर्षांच्या एक आजी होत्या, त्या रोज उतरायच्या. आणि एक पंचेचाळिशीचा धडधाकट माणूस पहिल्या दिवशी घाबरून परत वर गेला. त्यामुळे वयापेक्षा सांगितलेलं ऐकणं आणि न घाबरता थांबता येणं हे जास्त लागतं.

किनाऱ्यावर धक्का वगैरे काही नसतो. बोटीचं नाक वाळूत नाहीतर गोट्यांवर टेकवतात, तुम्ही कडेवर बसून दोन्ही पाय बाहेर फिरवायचे आणि पाण्यात उतरायचं, पाणी पोटरीपर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत. वॉटरप्रूफ पँट बुटाच्या वरून ठेवायची, आत खोचू नका. मी खोचली होती, पहिल्याच लाटेला बूट भरला आणि त्या बर्फासारख्या पाण्यात बोटं सुन्न होऊन दोन तास चालावं लागलं. आणि उतरण्यापेक्षाही गुडघ्याला त्रास होतो तो त्यानंतरच्या पंचवीस-तीस पावलांचा, शेवाळलेले गोल दगड असतात ना, पाय टाकला की सरकतात. तिथे दोन काठ्या पाहिजेत, एक पुरत नाही. त्यानंतर वर गवत आणि शेवाळाची जमीन असते, गादीसारखी, तिथे त्या छान चालतील.

किनाऱ्यावर गेल्यावर तीन गट करतात, डोंगर चढणारे, मधले, आणि सावकाश चालणारे. लाजेखातर मधल्या गटात जाऊ नका. आम्ही तिसऱ्या दिवसापासून सावकाशवाल्यांत गेलो आणि खरं सांगतो, जास्त बघितलं. बरोबरचा भूगर्भवाला माणूस त्याच गटात रेंगाळायचा, एकेका दगडापाशी दहा दहा मिनिटं.

अस्वलांचं म्हणाल तर आपण उतरायच्या आधी इन्युइट (तिथले मूळ रहिवासी) बेअर गार्ड जातात, बंदुकी घेऊन, सगळ्या टेकाडांवर चढून दुर्बिणीने बघतात, मग चारी बाजूंना उभे राहतात आणि त्या वर्तुळाच्या आतच आपण फिरायचं. नॅशनल पार्कच्या आत पाहुण्यांना बंदूक नेता येत नाही, ते काम त्यांचंच. आमच्या वेळी एकदा सगळे उतरलो आणि वीस मिनिटांत वायरलेसवर निरोप आला की पलीकडच्या कड्यावरून मादी आणि पिल्लू येतंय. कोणी ओरडलं नाही, पळालं नाही, गार्ड शांतपणे म्हणाला चला, आणि सगळे रांगेने बोटीत. नंतर बोटीतून लांबून ती दोघं पाण्याशी आलेली बघितली. पिल्लू आईच्या मागच्या पायाला अगदी घासून चालत होतं. तो किनारा आमचा गेला तो गेलाच, पण कोणाला वाईट वाटलं नाही.

आता कार्यक्रम बदलण्याबद्दल, हे नीट वाचा कारण सगळं इथेच आहे. आमच्या कागदावर नाच्वाक फ्योर्ड (डोंगरांमधे आत शिरलेली अरुंद खाडी) होतं. समुद्रातून सरळ उभे शेकडो मीटरचे कडे, मी सहा महिने त्याचे फोटो बघत होतो. त्या पहाटे उठलो तर खिडकीबाहेर पांढरं. धुकं म्हणजे जहाजाचं स्वतःचं नाक दिसत नव्हतं. कॅप्टन चार तास तोंडाशी थांबला, मग वारा वाढला आणि त्याने जहाज वळवलं. नाच्वाक मी आजतागायत बघितलेलं नाही. त्या दिवशी जेवताना काही लोक फार चिडले होते, पैसे मोजलेत वगैरे. मला तेव्हा वाईट वाटलं पण राग नाही आला, कारण तिथले नकाशे बघितले की कळतं, कितीतरी भागांत समुद्राची खोली नीट मोजलेलीच नाही, पाण्याखाली कुठे खडक आहे कोणालाच ठाऊक नसतं, अशा ठिकाणी धुक्यात आत शिरणारा कॅप्टन मला तरी नको.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला सॅग्लेक फ्योर्डमधे आलो आणि ऊन. स्वच्छ निळं. पार्कची दक्षिणेची हद्द तिथून सुरू होते. म्हणजे टॉर्नगॅट झालं, पण ठरलेलं नाही, दुसरंच. तुमच्या आईंना खडक हवेत ना, मग सॅग्लेक त्यांच्यासाठी नाच्वाकपेक्षा भारी आहे, ते जुने खडक याच भागात आहेत. करडा पट्ट्यापट्ट्यांचा नाईस (दाब आणि उष्णतेने बदललेला खडक) आणि त्यातून गेलेले काळे पट्टे, कुठे सरळ, कुठे वेणी घातल्यासारखे पिळलेले. काळे पट्टे म्हणजे करड्या खडकाला भेगा पडल्या त्यात नंतर घुसलेला तप्त रस, आणि मग सगळंच पुन्हा दाबलं वाकवलं गेलं, असं त्या भूगर्भवाल्याने सांगितलं. मी हात ठेवला तर उन्हाने कोमट लागला दगड. बायको मला म्हणाली, एवढा म्हातारा आहे आणि कोमट आहे.

बाकी हेब्रॉनबद्दल उद्या लिहितो, ते असं घाईत लिहायचं नाही.

---

नेहा_फार्मसिस्ट

केतकी, मी इथे फार्मसिस्ट आहे, तेवढ्यापुरतं सांगते, बाकी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

समुद्र लागण्याचं औषध उलटी सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नसतो, आधी घ्यायचं. कानामागे लावायचा स्कोपोलामीनचा पॅच असतो, निघायच्या काही तास आधी लावायचा आणि साधारण तीन दिवस चालतो. पण तुझ्या आईच्या वयात मला त्याची भीती वाटते. तोंड कोरडं पडतं, दृष्टी धूसर होते, आणि वयस्कर माणसांत कधीकधी चक्क गोंधळल्यासारखं होतं, आपण कुठे आहोत कळत नाही. काचबिंदूचा एक प्रकार असतो त्यात तर चालतच नाही. धूसर डोळे आणि हलणारी शेवटची पायरी हे दोन्ही एकत्र नको. ग्रॅव्हॉल (मळमळीची गोळी) इथे सहज मिळतं पण झोप फार आणते. त्यामुळे जे काही ठरेल ते घरी एखाद्या निवांत दिवशी एकदा घेऊन बघा, काय होतं ते जहाजावर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. ती बाकी कुठल्या गोळ्या घेते त्यांच्याबरोबर चालतं का तेही बघून घे.

केबिन घेताना खालच्या डेकवरची, जहाजाच्या मध्याजवळची घे. वरची मोठ्या खिडकीची महाग असते आणि जास्त हलते पण, त्यामुळे इथे कमी पैशात जास्त सुख आहे. रिकामं पोट ठेवू नये, कोरडं काहीतरी खात राहायचं, आणि मळमळलं की केबिनमधे मोबाईल बघत न पडता डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघायचं.

आणि इन्शुरन्स. तुझी आई व्हिजिटर आहे, तिला इथली सरकारी आरोग्य योजना लागू नाही. जहाजावर डॉक्टर असतो पण तो प्राथमिकच, पुढचं हॉस्पिटल म्हणजे हॅपी व्हॅली गूस बे नाहीतर सेंट अँथनी, आणि टॉर्नगॅटहून तिथे न्यायचं तर हेलिकॉप्टर किंवा विमान. त्यामुळे पॉलिसीत इव्हॅक्युएशन स्पष्ट लिहिलेलं पाहिजे आणि गुडघ्याचं ऑपरेशन, बीपी काय असेल ते आधीच लिहून द्यायचं, लपवायचं नाही. कंपनी मेडिकल फॉर्म मागते तोही खरा भर. फॉर्मात गुडघा लिहिला म्हणजे नाही म्हणतील असं लोकांना वाटतं. तसं नसतं, उलट माहीत असलं की शेवटच्या पायरीला तिच्यासाठी एक माणूस जास्त उभा करता येतो.

---

पायवाट_७२

वेगळा पर्याय सुचवतो. एवढे पैसे टाकायच्या आधी विचार करा की लॅब्राडॉर रस्त्यानेही बघता येतं. न्यूफाउंडलंडच्या वरच्या टोकाकडे सेंट बार्बहून फेरी घ्या, पावणेदोन तासात ब्लां साब्लोंला उतरता, ते क्युबेकमधे आहे पण तिथून गाडी काढली की लगेच लॅब्राडॉर. तासाभरात रेड बे. सोळाव्या शतकात स्पेन-फ्रान्सकडचे बास्क लोक तिथे व्हेल मारून तेल काढायला यायचे, त्यांचं १५६५ साली बुडालेलं एक गलबत तिथल्याच बंदरात तळाशी सापडलं, २०१३ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. पुढे मेरीज हार्बरहून छोट्या बोटीने बॅटल हार्बरला जाऊन राहता येतं, जुनं कॉड मासेमारीचं गाव. आणि फेरी घ्यायच्या आधी लान्स ओ मेडोज बघा, नॉर्स (व्हायकिंग) लोकांची वस्ती. १९६० मधे इंगस्टाड नवराबायकोने शोधली, आणि आता लाकडाच्या वलयांवरून नक्की झालंय की १०२१ साली ते लोक तिथे झाडं तोडत होते. हे सगळं गाडीने, आपल्या वेळेने, रबरी बोट नाही काही नाही.

अजून वर जायचं तर गूस बेहून नेनपर्यंत जाणारी सरकारी फेरी आहे उन्हाळ्यात, गावागावाला थांबत जाते, माल आणि माणसं घेऊन. केबिन मिळते. तिथे लेक्चर देणारा कोणी नसतो पण शेजारच्या बाकावर बसलेल्या वाटेतल्या मकोव्हिक गावच्या आजी असतात, मी त्यांच्याकडून जे ऐकलं ते कुठल्या लेक्चरमधे मिळालं नसतं.

---

केतकी_ओटावा

सुहासकाका, नेहा, किती नीट लिहिलंत, मनापासून आभार. पायवाट, तुमचा पर्याय मला स्वतःला फार आवडला, पण फेरी नेनलाच थांबते ना? टॉर्नगॅट त्याच्या पुढे. आईला खडकच हवेत, त्यामुळे मन तिकडेच ओढतंय.

आईला काल सुहासकाकांचं सगळं वाचून दाखवलं. ती मधेच म्हणाली, थांब, तो करडा आणि काळा पट्टा परत वाच. मग वहीत चित्र काढलं.

एक राहिलं, महिना कुठला? आणि काही मार्ग ग्रीनलंडहून सुरू होतात ते थोडे स्वस्त दिसतायत.

---

मनोज_सेंटजॉन्स

मी सेंट जॉन्सला राहतो, चौदा वर्षं झाली.

महिन्याबद्दल लोकांचा नेहमी गोंधळ होतो. हिमनग बघायचे तर मे-जून, पण तेव्हा उत्तर लॅब्राडॉरचा किनारा समुद्राच्या बर्फाने अडलेला असतो, जहाज वर जातच नाही. टॉर्नगॅट हवं असेल तर जुलैअखेर ते सप्टेंबर. तेव्हा हिमनग कमी, पण अगदीच नसतात असं नाही. ग्रीनलंडच्या पश्चिमेच्या हिमनद्यांमधून तुटलेले ते तुकडे, इथवर यायला त्यांना एकदोन वर्षं किंवा जास्तही लागतात, एखादा उशिरा रेंगाळत येतोच. ऑगस्टअखेर सगळ्यात बरं, डास आणि काळ्या माश्या ओसरलेल्या असतात आणि रात्र परत काळोखी होते म्हणजे आकाश मोकळं असेल तर ऑरोरा, म्हणजे आकाशातले ते रंगीत प्रकाशाचे पट्टे. थंडी म्हणाल तर दिवसा पाच ते पंधरा डिग्री, पण वारा असा की रबरी बोटीत तोच आकडा शून्याखालचा वाटतो. ताई, कपडे जाड एक नको, पातळ तीन घ्या.

ग्रीनलंडहून सुरू होणारं घेऊ नका, निदान आईंच्या भारतीय पासपोर्टवर तरी त्यात एक कटकट जास्त आहे. ग्रीनलंड डेन्मार्कचं असलं तरी शेंगेनमधे (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) नाही, साधा शेंगेन व्हिसा चालत नाही, त्यावर ग्रीनलंडसाठी वैध असं वेगळं लिहिलेलं लागतं. काही जहाजं मधे सेंट पिएरला थांबतात ते फ्रान्सचं आहे, तेही आधी विचारा. आणि कॅनडातून बाहेर पडून परत आत यायचं म्हणजे आईंचा इथला व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना ते बघा. सेंट जॉन्सहून निघून सेंट जॉन्सलाच परत येणारं मिळालं तर ही सगळी डोकेदुखी वाचते.

अजून एक, आमचा विमानतळ धुक्यासाठी बदनाम आहे. जहाज सुटायच्या दिवशी सकाळी पोचू असा हिशोब अजिबात करू नका, दोन दिवस आधी या. फोन करा, माझ्याकडे जेवायला या, आईंना वरणभात मिळेल. जहाजावर शाकाहारी मिळतं पण बुकिंगच्या वेळीच लिहून द्यावं लागतं, कारण निघाल्यावर मधे भाजी भरायला बाजार नसतो. आठव्या दिवसानंतर पालेभाजी विसरा, गाजर कोबी बटाटा राहतो.

नेन आलं तर लॅब्राडोराईट नक्की बघायला सांगा त्यांना. त्या दगडाचं नावच या किनाऱ्यावरून पडलंय, नेनजवळच्या एका बेटावरचा दगड मोरावियन (एक प्रोटेस्टंट पंथ) मिशनऱ्यांनी अठराव्या शतकात युरोपात पाठवला. साधा काळपट करडा दिसतो, हातात घेऊन जरा तिरका केला की आतून एकदम निळा पेटतो. आतमधे पातळ पातळ थर असतात त्यातून प्रकाश फुटून तसं होतं. नेनचे कारागीर त्यात कोरीव काम करतात, वस्तू घ्यायची तर त्यांच्याकडूनच घ्या, पैसे त्याच घरात जातात. सीलच्या कातड्याचे सुंदर हातमोजे दिसतील, कॅनडातल्या कॅनडात काही प्रश्न नाही, पण अमेरिकेत न्यायला बंदी आहे, तिकडच्या नातेवाइकांसाठी घेऊ नका. पार्कमधला दगड मात्र खडाही उचलायचा नाही. किनाऱ्यावर कुठे अर्धपारदर्शक, धुरकट काचेसारख्या चपट्या चकत्या पडलेल्या दिसल्या तर त्या रामा चर्ट नावाच्या गारगोटीसारख्या दगडाच्या, हजारो वर्षांपूर्वी माणसांनी हत्यारं करताना उडवलेल्या. तो दगड फक्त रामा बेच्या आसपास मिळतो आणि त्याची हत्यारं पार अमेरिकेतल्या मेनपर्यंत सापडलीयेत. वाकून बघा, पण जिथे आहे तिथे राहू द्या.

सुहासराव, हेब्रॉनचं लिहा, वाट बघतोय.

---

सुहास_हॅलिफॅक्स

लिहितो.

हेब्रॉन सॅग्लेकच्या थोडं दक्षिणेला. एकही झाड नाही, उघडी टेकडी, आणि पाण्याच्या काठाला एक लांबच लांब लाकडी इमारत. चर्च, मिशनऱ्यांचं घर, सगळं एका छपराखाली. १८३० च्या सुमाराला मोरावियन मिशनऱ्यांनी वसवलं, इमारतीचे भाग जर्मनीत तयार करून जहाजाने आणले कारण इथे लाकूडच नाही. आता तिथे कोणी राहत नाही, उन्हाळ्यात दुरुस्तीला आणि राखणीला काही जण येतात.

आमच्या जहाजावर एक इन्युइट काकू होत्या, कल्चरल गाईड म्हणून. सत्तरीच्या. त्या हेब्रॉनलाच जन्मलेल्या. आम्ही सगळे उतरलो आणि लोक चर्चकडे निघाले, त्या मात्र डावीकडे गवतात चालत गेल्या आणि एका जागी उभ्या राहिल्या. गवताखाली जमिनीत नुसता एक चौकोनी खळगा दिसत होता. म्हणाल्या, हे आमचं घर. दार कुठे होतं, स्टोव्ह कुठे होता, आजी कुठे झोपायची ते सगळं हाताने दाखवलं. आम्ही सातआठ जण होतो, कोणी त्या खळग्यात पाय टाकला नाही.

१९५९ मधे सरकार आणि मिशन यांनी मिळून हे गाव बंद केलं. लोकांना गोळा करून सांगितलं ते चर्चमधे. आणि चर्चमधे उलट बोलायचं नाही अशी त्यांची रीत, म्हणून कोणी उठून नाही म्हणू शकलं नाही. त्या काकूंनी हे सांगितलं तेव्हा आम्ही त्याच चर्चमधे उभे होतो, बाहेर वारा फळ्यांमधून शिट्टीसारखा वाजत होता. मग नेन, हॉपडेल, मकोव्हिक, जिथे जागा मिळेल तिथे पाठवलं, एकेका घरातली माणसं वेगवेगळ्या गावांत. शिकारीच्या जागा आधीपासून तिथे असलेल्यांच्या, ओळखीचा समुद्र नाही, मासे कुठे मिळतात ठाऊक नाही. २००५ मधे प्रांताच्या सरकारने माफी मागितली, २००९ मधे ती हेब्रॉनला स्मारकावर कोरली. आणि तिथल्या लोकांनी दिलेलं उत्तरही शेजारीच कोरलंय, की आम्ही क्षमा करतो. मी ते दोनदा वाचलं. काकू बाजूला समुद्राकडे बघत उभ्या होत्या.

नाच्वाक हुकलं त्याचं मी वर लिहिलंय. ते हुकलं म्हणून एक दिवस हातात आला आणि हेब्रॉनला दोन तासांऐवजी जवळजवळ पूर्ण दिवस थांबलो. कागदावर दोनच तास होते.

---

मनोज_सेंटजॉन्स

सुहासराव, वाचून गप्प बसलो होतो थोडा वेळ.

एकच भर घालतो. त्याच भागात अजून खाली ओकाक म्हणून गाव होतं. १९१८ मधे मिशनच्या सामान आणणाऱ्या जहाजाबरोबर इन्फ्लुएंझा आला, काही आठवड्यांत तिथली तीन चतुर्थांशाहून जास्त माणसं गेली, आणि गाव कायमचं संपलं. हेब्रॉनलाही तोच आला होता. म्हणजे १९५९ मधे ज्यांना उठवलं ती आधीच एवढं सोसलेल्यांची मुलंनातवंडं. आणि तरी तेच लोक २००५ मधे स्वतःचं स्वराज्य घेऊन उभे राहिले, नुनात्सियावुत. त्या शब्दाचा अर्थ आपली सुंदर भूमी. टॉर्नगॅट पार्कचा कारभारही त्यांच्या सहभागानेच चालतो. त्यामुळे तिथे निर्मनुष्य रान म्हणून जाऊ नका. कोणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून जातोय असंच जा. गावात फोटो काढायचा तर विचारून, मुलांचे तर नकोच.

---

केतकी_ओटावा

उशिरा लिहितेय, मधे दोन आठवडे कामात गेले.

बुकिंग केलं. ऑगस्टअखेर, सेंट जॉन्स ते सेंट जॉन्स, खालच्या डेकवरची मधली केबिन (नेहा 🙏). फॉर्ममधे गुडघा, बीपी सगळं लिहिलं, त्यांचा फोनही आला, बाई फार आपुलकीने बोलल्या, आईला जिना किती चढता येतो ते विचारलं आणि म्हणाल्या, समुद्र फार हलत असेल त्या दिवशी आम्हीच तिला थांबा म्हणू, तेव्हा रागावायचं नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, बरोबरच आहे की.

हेब्रॉनचं आईला वाचून दाखवलं नाही, तिला लिंकच पाठवली. तिने स्वतः वाचलं आणि दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाली, खडक दिसले नाहीत तरी चालतील, पण त्या काकू असतील का गं जहाजावर? सुहासकाका, तेवढं तुम्हाला माहीत असेल तर सांगा.

आणि रबरी बोटीच्या कडेवर बसून पाय बाहेर फिरवायचे, त्याची आधी घरी काही सवय करता येईल का?

---

सुहास_हॅलिफॅक्स

त्या काकू असतील की नाही ते नाही सांगता येणार, पण या मार्गावरच्या जहाजांवर बहुतेक वेळा त्या किनाऱ्यावरचं कोणी ना कोणी असतंच. पहिल्या दिवशी ओळख करून घ्या आणि संध्याकाळी त्यांच्या टेबलापाशी जाऊन बसा, आईंना विचारायला शिकवावं लागणार नाही, त्या शिक्षिका आहेत.

सवय करता येते. आई इकडे आल्या की बाथटबच्या कडेवर बसायचं, कोरड्या टबमधे, आणि दोन्ही पाय एकत्र उचलून आतून बाहेर, बाहेरून आत. तुम्ही शेजारी उभं राहून कोपराखाली हात धरा. रोज दहा वेळा. बदललेला गुडघा आधी फिरवायचा की नंतर ते त्यांना स्वतःलाच दोन दिवसांत कळेल. फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून घ्या. आणि गमबूट इथे आल्यावर विकत घ्या, मोज्यांचे दोन जोड घालून माप बघा, टाच आत उचलली जाता कामा नये.

---

केतकी_ओटावा

करतो सुरू जूनपासून. आईचा शेवटचा प्रश्न, तिचं ते शाळेतलं भिंग आहे, पितळी मुठीचं, ते विमानात हातातल्या बॅगेत चालतं ना?

---

नेहा_फार्मसिस्ट

भिंग चालतं. मऊ कापडात गुंडाळून आण म्हणावं, आणि गोळ्या पण त्याच बॅगेत, चेक-इनमधे नको.